बायांनो, कुठल्या अ‍ॅपवर भेटायचं?

चॅटचं अ‍ॅप निवडताना त्यातल्या सोयी नंतर बघा. आपल्या गोतावळ्यातली सगळ्यात हट्टी मैत्रीण कोण आणि तिच्या फोनमध्ये काय आहे, ते आधी बघा. आमच्यात ती सुनंदा. विट्यात तिचं शिवणकामाचं दुकान आहे. शाळेचे गणवेश शिवते, जूनमध्ये मान वर करायला फुरसत नसते. फोन ३२ जीबीचा आणि कायम भरलेला. नवं अ‍ॅप घे म्हटलं की ठरलेलं उत्तर, "आहे ते पुरे झालं. तुमचं तुम्ही हिंडा, मी हितंच हाय." त्यामुळं आमच्या ग्रुपचा मुक्काम व्हॉट्सअ‍ॅपवर. हा निर्णय सुनंदानं कधीच घेऊन टाकलाय, बाकीच्या आम्ही उगाच चर्चा करतो.

आम्ही सगळ्या सांगलीत हॉस्टेलला एका मजल्यावर राहिलेल्या. आता मीरा पुण्यात, ज्योती शारजात, अलका बेळगावात, मी मिरजेत एका पतसंस्थेत हिशेब बघते. गप्पांचा सोस सगळ्यांनाच, मला जरा जास्त. म्हणून नवं काही निघालं की उतरवून बघायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडतं. कुठलं अ‍ॅप कशाला बरं, ते लिहिते.

व्हॉट्सअ‍ॅपची मोठी बाजू एकच, सगळे तिथं आहेत. मराठीत चालतं, टिचक्या फोनवर चालतं, सासूबाईंनाही जमतं. २०१४ मध्ये फेसबुकनं ते विकत घेतलं तेव्हा १९ अब्ज डॉलरचा आकडा ऐकून आमच्या पतसंस्थेतले सगळे आ वासून बसले होते. मेसेजमध्ये काय लिहिलंय ते कंपनीला वाचता येत नाही, २०१६ पासून सगळ्या मेसेजना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. पण कोण कुणाशी किती वाजता बोललं, ही नोंद वेगळी. ती कंपनीकडं राहू शकते. मला स्वतःला त्याचं फारसं काही वाटत नाही. मी रात्री साडेदहाला ज्योतीशी बोलते हे कुणाला कळून काय मिळणार आहे? एकीला मात्र वाटतं, तिच्याबद्दल पुढं येईलच.

व्हॉट्सअ‍ॅपमधली मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे आवाजाचा मेसेज. २०१३ पासून आहे, पण त्याची किंमत आम्हाला ज्योतीमुळं कळली. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता येतं, फोटो पाठवता येतात, कॉल मात्र लागत नाही. इंटरनेटवरून बोलायची मुभा तिथं ठरावीक अ‍ॅपनाच आहे. बॉटिम त्यातलं एक. गल्फला माणूस असलेल्या आपल्याकडच्या कितीतरी घरांत ते सापडतं, ज्योतीच्या आईच्या फोनमध्येही आहे. आम्ही सुनंदापायी अडलेल्या. त्यात शारजा आपल्यापेक्षा दीड तास मागं. आमची जेवणं उरकून भांडी विसळून होतात तेव्हा ती कामावरून येऊन कुकर लावत असते. मग ती बोलून ठेवते. मागं पंख्याची घरघर, शिट्टी, मधेच "थांब गं, दार वाजलं", आणि ते दार वाजणं, शेजारणीशी बोलणं, परत येऊन "हां, काय सांगत होते?" हे सगळं जसंच्या तसं आम्हाला ऐकायला मिळतं. लिहून पाठवलेल्या 'मी मजेत' वर विश्वास ठेवावा लागतो. बोललेल्या 'मजेत गं' चं तसं नाही. आवाज पडलेला असला की पहिल्या दोन शब्दांत समजतं, आणि मग कुणीतरी स्वतंत्रपणे तिची चौकशी करतं.

यातल्या दोन बारीक गोष्टी पुष्कळ बायकांना माहीत नसतात. माइकवर बोट ठेवून वर सरकवलं की कुलूप लागतं, मग बोट दाबून धरावं लागत नाही. सुनंदा फोन मशीनवर ठेवून तशीच बोलते, गणवेशाच्या कॉलरवर शिलाई मारत. आणि पाठवायच्या आधी आपलंच बोलणं एकदा ऐकून घेता येतं. नणंदेबद्दल बोललेलं असलं तर अवश्य ऐकून घ्यावं. २०२१ पासून हे मेसेज दीडपट, दुप्पट वेगानंही ऐकता येतात. मीराला वेळ नसतो, ती तसंच ऐकते. मला जमत नाही. दुप्पट वेगात ज्योती रडत असली तरी भांडल्यागत वाटते.

निळ्या टिकेनं २०१४ पासून किती मैत्र्यांत मिठाचे खडे टाकले असतील, देव जाणे. "वाचलंस आणि उत्तर नाही दिलंस." ती बंद करता येते, पण ग्रुपमध्ये बंद होत नाही, आणि आवाजाचा मेसेज ऐकल्याची खूणही समोरच्याला दिसतेच. तेव्हा ज्योतीचा मेसेज ऐकला नाही असं सोंग घेता येत नाही. बरंच आहे ते.

आता फॉरवर्ड. आमच्या ग्रुपवर बंदी आहे. शुभ सकाळ नाही, गुळवेलीचा काढा नाही, 'हा मेसेज दहा जणांना पाठवा' तर नाहीच नाही. हे नुसतं कंटाळ्यापोटी नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षुकी करणारी माणसं ती, मंगळवेढ्याकडची. म्हणजे आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातली. तशा अफवा त्या दिवसांत मिरजेतही फिरत होत्या, फोटोसकट. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. फॉरवर्ड केलेल्यावर शिक्का यायला लागला, आणि २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. तो दोन बाणांचा शिक्का दिसला की अलका, आमची अ‍ॅडमिन, मेसेज उडवते. ग्रुपमधला कुणाचाही मेसेज अ‍ॅडमिनला उडवता येतो, विचारायला लागत नाही.

अ‍ॅडमिन व्हायला कुणी तयार नसतं, 'उद्या कुणी काही टाकलं तर पोलीस मला धरतील' म्हणून. अलकाही घाबरत होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदियाकडच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून केवळ अ‍ॅडमिन आहे या कारणावरून कुणाला दोषी धरता येत नाही; त्यात दोघांचा मिळून हेतू दिसला पाहिजे. अलकाला ती बातमी वाचून दाखवली, तेव्हा कुठं बाई खुर्चीवर बसल्या.

व्हॉट्सअ‍ॅपचं मला न आवडणारंही सांगते. ग्रुपमध्ये गेलं की आपला नंबर तिथल्या प्रत्येकाला दिसतो. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, कुठून कुणाचा 'हाय मॅडम' येईल सांगता येत नाही. मला कुणी ग्रुपमध्ये घ्यायचं ते ठरवायची सोय २०१९ मध्ये आली. ती सेटिंगमध्ये जाऊन 'फक्त माझे संपर्क' अशी करून टाका, अनोळखी कॉल गप्प करायचं बटणही तिथंच प्रायव्हसीत आहे. शिवाय तो मेटा एआयचा निळा गोल. मैत्रिणीला शोधायला जावं तर आधी तोच विचारतो, काय हवं. मला आशा हवी होती बाबा, आशा कदम, तू नव्हे.

आणि जागा. सुनंदाच्या फोनचं मूळ दुखणं तेच होतं. सेटिंगमध्ये स्टोरेजमध्ये गेलं की ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि फार वेळा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या काढून दाखवतात. तिच्याकडं एकाच लग्नाचे व्हिडिओ तीन-तीन ग्रुपवरून आलेले. ते पुसले आणि आपोआप डाउनलोड बंद केलं, तर फोनला जरा श्वास आला. तरी नवं अ‍ॅप घ्यायला ती तयार नाहीच, ते सोडा.

कुठलंही अ‍ॅप कायमचं नसतं, हे आमच्या वयाच्या बायकांना सांगायला नको. मीरा नोकरीला पुण्यात गेली तेव्हा आम्ही याहू मेसेंजरवर भेटायचो. सायबर कॅफेत प्लायवुडच्या खणात बसायचं, तासाचे पैसे मोजायचे आणि मीरा गप्प बसली की 'बझ' दाबायचं, तिच्या पडद्यावरची खिडकी थरथरायची. चॅटरूममध्ये गेलं की पाच मिनिटांत कुणीतरी 'एएसएल' विचारणार, म्हणजे वय काय, बाई की पुरुष, कुठली; की लगेच बाहेर. ते याहू १७ जुलै २०१८ ला बंद झालं. त्याच्या आधी ऑर्कुट, ३० सप्टेंबर २०१४. आपल्याकडचं हाइक, ज्याचे मराठी स्टिकर माझ्या भाचीला पाठ होते, जानेवारी २०२१ मध्ये गेलं. स्काइप ५ मे २०२५ ला. प्रत्येकाबरोबर काहीतरी गेलं. म्हणून वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईत मी आमच्या ग्रुपचं चॅट 'एक्स्पोर्ट' करून ठेवते. साधी मजकुराची फाइल मिळते, कुठंही उघडते. अँड्रॉइडवाल्यांना रोजचा बॅकअप गूगलवर जातो, पण तो आता त्या फुकटच्या १५ जीबीत मोजला जातो. मेल, फोटो आणि बॅकअप एकाच डब्यात, तेव्हा भरला की बॅकअप थांबतो. अधूनमधून तारीख बघत जा.

सिग्नलकडं आपली सगळी दुनिया जानेवारी २०२१ मध्ये धावली होती. व्हॉट्सअ‍ॅपनं नव्या अटींची सूचना टाकली, इलॉन मस्कनं दोन शब्दांत 'सिग्नल वापरा' म्हणून सांगितलं आणि गर्दी एवढी झाली की सिग्नलचे सर्व्हरच आडवे पडले. आमचाही तिथं ग्रुप निघाला. सगळ्यांनी 'हाय' केलं, सुनंदा आलीच नाही, महिनाभरात तो ओस पडला. गप्पांसाठी सिग्नल घ्या असं म्हणूनच मी कुणाला सांगत नाही.

पण मघाशी म्हटलं त्या एकीसाठी सांगते. नाव लिहीत नाही. तिच्या घरात तिचा फोन म्हणजे सार्वजनिक वस्तू. नवरा बघतो, दीर बघतो, मुलगा गेम खेळायला घेतो. तिला वकिलाशी आणि आमच्यातल्या दोघींशी बोलायला जागा हवी होती. सिग्नलमध्ये मेसेज किती वेळानं नाहीसे व्हावेत ते काही सेकंदांपासून चार आठवड्यांपर्यंत ठरवता येतं. सूचना येताना ना नाव दिसतं ना मजकूर, तशी करून घेता येते. अ‍ॅपलाही कुलूप लावता येतं, पण ते फोनच्याच कुलपानं उघडतं. २०२४ पासून युजरनेम आलं, म्हणजे खातं उघडायला नंबर लागतो, पण समोरच्याला तो द्यावा लागत नाही. नाहीसे होणारे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपमध्येही आहेत, २४ तास, ७ दिवस, ९० दिवस. आणि गंमत म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचं एन्क्रिप्शन सिग्नलच्याच पद्धतीवर बांधलेलं आहे. फरक मागं कोण उभं आहे त्याचा. सिग्नल चालवणारी संस्था नफ्यासाठी नाही, तिथं जाहिरात नाही, आपली नोंद ठेवून तिला काही विकायचं नाही. २०१८ मध्ये ती संस्था उभी करायला पाच कोटी डॉलर दिले ते ब्रायन अ‍ॅक्टननं, जो व्हॉट्सअ‍ॅपचाच एक संस्थापक. ज्यानं घर बांधून विकलं तोच शेजारी दुसरं बांधायला लागला, यावरून काय ते समजा.

नव्या ओळखी करायच्या असतील तर टेलिग्राम. माझं तिथलं खातं केवळ गच्चीवरच्या बागेसाठी आहे. ग्रुप दोन लाख माणसांपर्यंतचा असू शकतो, नवीन आलेल्याला जुनं सगळं वाचायला मिळतं आणि नंबर 'कुणालाच दिसू नये' असं करता येतं. बाईमाणसानं अनोळख्यांत जायचं तर ही शेवटची गोष्ट फार मोठी. मी तिथं 'पडवळाला फुलं येतात, फळ वाकडं होतं' असं लिहिलं, तर कणकवलीच्या एका काकूंनी फोटोच टाकला: मांडवाखाली लोंबणारी पडवळं आणि प्रत्येकाच्या टोकाला सुतळीनं बांधलेला सुपारीएवढा खडा. "खडो बांध, सरळ येता," एवढंच. मग बी पाठवलं, साध्या लखोट्यातून, टपालानं. आता त्यांच्याशी माझं पावसापासून सांध्यांच्या दुखण्यापर्यंत बोलणं होतं. चेहरा अजून पाहिला नाही, हातांचे फोटो मात्र पुष्कळ पाहिलेत.

टेलिग्रामबद्दल एक गैरसमज आपल्याकडं पक्का बसलाय, की ते व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा गुप्त. नाही. तिथलं नेहमीचं चॅट कंपनीच्या सर्व्हरवर राहतं, एंड-टू-एंड नसतं. त्यासाठी 'सीक्रेट चॅट' मुद्दाम उघडावं लागतं, तेही दोघांतच, ग्रुपला ती सोयच नाही. बागेच्या गप्पांना चालतं. पॅनकार्डाचा फोटो तिथं पाठवू नका. आणि घरबसल्या कामाचे, शेअरच्या टिपांचे जे अनोळखी मेसेज येतात त्यांना उत्तरही देऊ नका, सरळ ब्लॉक. मोठ्या फायलींना मात्र छान आहे, २ जीबीपर्यंतची एक फाइल जाते. मीराच्या मुलीच्या अरंगेत्रमचा अख्खा व्हिडिओ ज्योतीला तसाच पोचला, दर्जा न घसरता.

भाऊजींच्या आग्रहावरून अरट्टाईही घेतलं. चेन्नईच्या झोहोचं, २०२१ पासून आहे, पण २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मंत्र्यांनी स्वदेशी म्हणून सांगितल्यावर एकदम चर्चेत आलं. हलकं आहे, साध्या फोनवर चालतं, टीव्हीवरही चालतं. ती लाट आली तेव्हा कॉल एंड-टू-एंड होते, लिहिलेले मेसेज नव्हते. माझी अडचण त्याहून साधी. तिथं मला भेटले ते भाऊजी आणि बँकेचे दोन साहेब. त्यांच्याशी मी काय गप्पा मारू?

डिस्कॉर्ड मला मुलीनं दाखवलं. २०१५ मध्ये गेम खेळणाऱ्या पोरांसाठी निघालेलं. खातं ईमेलवर निघतं. मराठी नाही, पडदा काळा आणि पहिल्यांदा उघडलं की कुठं काय आहे याचा पत्ता लागत नाही. पण त्यात 'व्हॉइस चॅनल' म्हणून जो प्रकार आहे त्यावर मी फिदा आहे. कुणाला फोन लावायचा नाही, घंटी वाजवायची नाही. आपण जाऊन बसायचं. कुणाला दिसलं, यावंसं वाटलं, तर ती येते. नाही आली तर नाही. मुलगी आणि तिच्या मैत्रिणी तिथं बसून अभ्यास करतात, तासभर कुणी बोलत नाही. जुन्या वाड्यातल्या ओट्यासारखं आहे ते. मीरा, अलका आणि मी एका रविवारी तिथं बसलो. अलका शेंगा सोलत होती, मी गवार मोडत होते, मीरा कपाट आवरत होती. बोलणं काही खास नाही. "ही साडी कुठली गं, मोरपंखी?" "मला काय दिसतंय होय?" मग मीरानं पदरापासून काठापर्यंत ती साडी वर्णन करून सांगितली आणि अलका म्हणाली, "अगं, ती माझी हाय. गॅदरिंगला नेली होतीस." तीस वर्षांत परत केली नाही. फोन लावून मुद्दाम बोलायला बसलो असतो तर ही साडी निघालीच नसती. मुद्दाम केलेल्या कॉलमध्ये आपण खुशाली, मुलांचे निकाल आणि गुडघे एवढंच बोलतो.

सुनंदाचं काय, हा प्रश्न उरलाच. तर २०२५ च्या मे महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं हीच सोय लहान ग्रुपलाही दिली, आधी ती मोठ्याच ग्रुपना होती. ग्रुप उघडून खालून वर बोट ओढायचं आणि धरून ठेवायचं, व्हॉइस चॅट सुरू होतं. कुणाचीही घंटी वाजत नाही, ज्यांना यायचं त्या येतात. मी डिस्कॉर्डवरून बाड-बिस्तरा आवरून परत आले. सुनंदा रविवारी दुकानातूनच येते, निम्मा वेळ नुसता मशीनचा आवाज असतो, मधेच धागा तुटला की आम्हाला सांगते. मोरपंखी साडीचा निकाल तिनंच दिला: मीरानं नवी घेऊन द्यावी, ब्लाउज ती शिवेल, शिलाई अलका देईल. अलका अजून चिडलेली आहे.

ज्योतीला हे बोलणं तिथून जमत नाही, म्हणून आमच्यातली एक जण संपल्यावर तिला सगळा वृत्तांत बोलून पाठवते. पाळी ठरलेली आहे. अलकाची पाळी असली की दोन मिनिटांत आटपतं, माझी असली तर ज्योतीला भाजी चिरून फोडणी घालेपर्यंत पुरतं. दुप्पट वेगानं ऐकते का, ते मी तिला विचारलेलं नाही.

उरली विमल. ती तासगावजवळ मळ्यात राहते, बटणाचा फोन वापरते, आणि तिला यातलं काहीही नको आहे. तिला साधा कॉल लावायचा, तोही सकाळी साडेसातनंतर, कारण आधी डेअरीला दूध घालायला जाते. दुसरीला लावून 'मर्ज' दाबलं की तिघी-चौघी एकदम बोलता येतात, त्याला नेट लागत नाही. द्राक्षाची छाटणी चालू असेल तर मात्र लावू नका, ती फोन कोटाच्या खिशात ठेवून तसाच चालू सोडते आणि आपल्याला नुसती कात्री ऐकू येते.